उपवासात सोडलेली गोळी

माणसं लेंटमध्ये मटण सोडतात. कुणी चहा सोडतं, कुणी टीव्हीवरची मालिका. मी औषध सोडलं.

आम्हा ख्रिस्ती लोकांत ईस्टरच्या आधीचे आठवडे उपवासाचे असतात. जे आवडतं ते तेवढ्यापुरतं बाजूला ठेवायचं, असा रिवाज. औषध सोडा असं मला कुणीच सांगितलं नव्हतं, पाळकसाहेबांनी नाही आणि डॉक्टरीणबाईंनी तर नाहीच. एका सकाळी माझं मीच ठरवलं, की यंदा देवाला काहीतरी मोठं देऊ. आणि माझ्यापाशी मोठं होतं तरी काय? जिभेखाली ठेवायची ती बारीकशी गोळी, जिच्या जोरावर मी नुकती कुठे माणसांत आले होते. बुडता बुडता नाव सापडावी, आणि वर चढून बसल्यावर कृतज्ञतेपोटी माणसाने नावच नदीला अर्पण करावी, तसा तो प्रकार.

त्यातही थाट बघा. रोजची गोळी मी बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात साठवत होते. ईस्टर झाला की डबा घेऊन नगरला जायचं, डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवायचा आणि म्हणायचं, "घ्या बाई तुमचं औषध. मला प्रभूने बरं केलं." हे वाक्य मी आरशासमोर म्हणूनही पाहिलं होतं. वय किती, तर सत्तरीला टेकलेलं.

तुमच्या घरात कुणी माझ्यासारखं असेल, किंवा तुम्हीच असाल, तर तुमच्यासाठी हे लिहिते आहे. हसायला आलं तर हसा. मीही हसतेच.

तेव्हाची बाई

तिशीतली मी म्हणजे एक प्रकरण होतं. जिल्हा परिषदेची शाळा, कडक इस्त्रीची साडी, गळ्यात शिट्टी. व्यसनमुक्तीची प्रभातफेरी निघाली की सगळ्यात पुढे मी. "सोड बाटली, धर पाटी" ही घोषणा माझीच. ती आजही मला वाईट वाटत नाही. फक्त बाटलीला ऐकू येत नाही, एवढीच तिच्यात खोट.

माता-पालक सभेत बायका नवऱ्याचं पिणं सांगून रडायच्या. मी त्यांना ठणकावून सांगायची, "मनाचा निर्धार केला ना, की व्यसन एका दिवसात सुटतं!" हे सांगणारी बाई स्वतः दिवसाला सहा-सात कप चहा पीत होती, आणि मधल्या सुट्टीतला कप चुकला की पोरांना पाढे उलटे म्हणायला लावत होती. पण चहाला कुणी व्यसन म्हणत नाही. त्यामुळे माझा निर्धार कधी तपासलाच गेला नाही.

कमरेची गोळी

निवृत्तीनंतरची गोष्ट. राहुरीच्या घरी गच्चीवर कुरडया वाळत घालताना घसरले आणि मणक्याला मार बसला. पलंगावर पडून राहायचं आणि दुखण्यावर गोळ्या, त्याही थोडेच दिवस, असं दवाखान्यात बजावलं होतं. अफूच्या जातीचं औषध असतं ते, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी मी म्हटलं असतं, "मला काय होतंय? मी शाळेतली बाई आहे."

कंबर बरी झाली. गोळी राहिली. ती घेतली की थंडीत पाठीवर ऊन घेऊन बसल्यासारखं वाटायचं. कमरेसाठी सुरू केलेली गोळी मग पाहुणे येणार म्हणून घेतली, पाहुणे गेले म्हणून घेतली, झोप यावी म्हणून घेतली आणि काम उरकावं म्हणूनही घेतली. बाजारातला एक मेडिकलवाला जुन्याच कागदावर देत राहिला. मी त्याला कधी नको म्हटलं नाही आणि त्यानेही मला.

पाकिटं शिलाई मशीनच्या ड्रॉवरमध्ये, बॉबिनच्या डब्याखाली. घरात शिवणारी मी एकटीच, तेव्हा तिथे कोण हात घालणार? आणि खोटं बोलण्यात मी इतकी तरबेज झाले, की वर्गात तशी पोरगी असती तर मी तिला तिथल्या तिथे पकडलं असतं.

तो दिवस

माझी नात इवा तेव्हा नुकती चालायला लागली होती. सून प्रिती पतसंस्थेत नोकरीला. त्या दिवशी तिला सुट्टी होती. दुपारी मी दारापुढच्या ओट्यावर बसून इवाला मांडीवर घेऊन वरणभात भरवत होते. पुढचं मला आठवत नाही. मला फिट आली. एकदम जास्त गोळ्या घेतल्या की येते, असं पुढे कळलं.

इवा मांडीवरून घरंगळली आणि पायरीवर आपटली. कपाळ फुटलं. प्रिती धावत आली, तिच्या एका हाताला पोरगी आणि समोर मी तोंडाला फेस येऊन पडलेली. जखमेवर बांधायला चिंधी हवी म्हणून तिने मशीनचा ड्रॉवर उपसला. चिंधी मिळाली आणि पाकिटंही मिळाली.

नगरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "आजी, दुखण्याच्या गोळ्या किती घेता?"

"एखादी. कधीतरी."

प्रितीने पिशवीतून बॉबिनचा डबा आणि सगळी रिकामी पाकिटं काढली आणि टेबलावर ठेवली. तिच्या ओढणीवर इवाच्या कपाळाचं रक्त वाळलेलं होतं.

आम्हाला वरच्या मजल्यावर धाडलं. दारावर "मानसोपचार" अशी पाटी वाचून मी पदर तोंडावर ओढला. आत एक तरुण डॉक्टरीणबाई. माझ्या शेवटच्या वर्गातल्या पोरींच्या वयाची असेल. तिने खुर्ची माझ्याजवळ ओढली.

"आजी, तुम्ही वाईट झालेल्या नाहीत. तुमच्या मेंदूला या गोळीशिवाय राहता येईना झालंय. हा आजार आहे, आणि याला औषध आहे."

"मनाचा निर्धार केला तर?"

"केला होता का?"

"पुष्कळदा."

"मग आता औषध करू."

इतकी साधी उलटतपासणी आयुष्यात कुणी माझी घेतली नव्हती. या पोरीला मी मनातल्या मनात शंभरपैकी शंभर देऊन टाकले.

घरी आल्यावर प्रितीने एकच गोष्ट सांगितली. आवाज न चढवता. "आई, यापुढे इवाला मी तुमच्याजवळ एकटं ठेवणार नाही. तुम्हाला राग आला तरी चालेल."

राग आला. खूप आला. कारण ती बरोबर होती.

मुलगा तर माझ्याशी बोलायचाच थांबला. ताटात काही हवं असलं तर बायकोला सांगायचा, आणि वाटी असायची माझ्यापुढे. इवा दिवसभर शेजारच्या काकूंकडे जाऊ लागली. संध्याकाळी मी हात पसरले की ती दुडुदुडु यायची, आणि प्रितीचे हात आपोआप मधे यायचे. ती मुद्दाम करत नव्हती. हातच तसे शिकले होते. ते हात बाजूला व्हावेत, एवढं एकच मला हवं होतं. बरं व्हायचं होतं तेही त्यासाठीच.

जिभेखाली

या उपचारात पहिली गोळी मिळायच्या आधी जरा त्रास सोसावा लागतो. जुनी गोळी अंगातून उतरायला लागली, की मगच नवी देतात. मी गेले तेव्हा जांभयांवर जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, अंगावर शहारे. हाडांत कुणी खलबत्ता चालवतंय असं वाटत होतं. मग सिस्टरने ती गोळी दिली. ब्युप्रेनॉर्फिन असं तिचं नाव. जीभ वर उचलायची, गोळी खाली ठेवायची आणि विरघळेपर्यंत गप्प बसायचं. गिळायची नाही, पाणी नाही, चहा नाही.

"आणि आजी, बोलायचं नाही."

उभी हयात मी दुसऱ्यांना गप्प बसवण्यात घालवली. त्याचा हिशोब देवाने असा चुकता केला.

पण गोळीची करामत सांगते. थोड्या वेळाने तो खलबत्ता थांबला. गुंगी नाही, ऊन नाही, ढगांत तरंगणं नाही. फक्त मी. खिडकीबाहेर रिक्षावाले भांडत होते, तेसुद्धा मला नीट, शब्दन् शब्द ऐकू येत होतं. इतक्या महिन्यांत मला जगाचं भांडण असं स्वच्छ ऐकू आलं नव्हतं.

सुरुवातीला रोज तिथे जाऊन सिस्टरसमोर गोळी घ्यावी लागे. प्रिती स्कूटीवरून स्टँडवर सोडायची, पुढे एसटी. रांगेत बहुतेक तरुण पोरं. मी आपली पिशवी छातीशी धरून बसायची. पोरं बिचारी माझ्यासाठी बाक रिकामा करायची, आणि मी पिशवी सांभाळायची!

एक दिवस गोळी जिभेखाली ठेवून बसले होते, तर समोर एक दाढीवाला गडी येऊन थांबला.

"बाई? तुमी? हितं?"

दत्तू होता तो. माझा विद्यार्थी. मी जिभेकडे बोट दाखवलं.

"बोलता येत न्हाई व्हय? मंग बरं हाय!" तो शेजारीच बसला. "शाळंत तुमी बोलायच्या आन् आमी गप. आज म्या बोलतो."

आणि बोलला की. टेम्पो चालवतो, कांदा घेऊन लांब लांब जातो. पाठ दुखते म्हणून कुणीतरी कॅप्सूल दिली, ती सुटेना, पुढे त्याहून वाईट गोष्टी आल्या. टेम्पो एकदा पलटी झाला. बायको माहेरी गेली, आता परत आलीय. "लई येळा सोडून बघितलं बाई. आठ दिस न्हाई टिकायचं. या गोळीवर वरीस झालं."

मग मिशीतल्या मिशीत हसून म्हणाला, "याद हाय का? व्यसनमुक्तीच्या नाटकात दारुड्याचं काम मलाच दिलं हुतं तुमी. बक्षीस बी दिलं हुतं, कंपासपेटी."

मी मान हलवली. आठवत होतं. झोकांड्या खात आला होता आणि अख्खी शाळा हसून लोळली होती.

"बा रोज घरी शिकवायचा ना. म्हनून तर चांगलं जमलं."

मला बोलता येत नव्हतं ते बरंच झालं. बोलता आलं असतं तर काहीतरी शहाणपणाचं बोलले असते. गोळी विरघळली तेव्हा एवढंच म्हणाले, "दत्तू, मला तेव्हा कळलं नाही रे."

"ऱ्हाऊ द्या, बाई. आता तुमीबी आमच्याच नाटकात."

निर्धार निर्धार म्हणून मी जो ओरडत होते, तो मला त्या बाकावर दिसला. टेम्पो रिकामा करून, अंघोळ न करता, बाजारातले टोमणे ऐकून ही पोरं रोज तिथे येत होती. एका दिवसात सोडणारे शूर असतीलही. रोज येणारे मला जास्त शूर वाटतात.

साक्ष

हळूहळू गोळ्या आठवड्याच्या घरी मिळू लागल्या. आधी प्रिती कपाटाला कुलूप लावून ठेवायची आणि सकाळी काढून द्यायची. एक दिवस तिने पाकीट माझ्या हातात दिलं. "आता तुमच्याजवळच राहू द्या."

त्यानंतर लेंट आला.

प्रार्थनेला येणाऱ्या मार्थाबाई मला एकदा म्हणाल्या, "म्हणजे एक नशा सुटली आणि दुसरी लागली, असंच ना?" त्यांचा काही वाईट हेतू नव्हता. त्यांना तसंच वाटत होतं, आणि खरं सांगू, मलाही आतून तसंच वाटत होतं. बसल्या जागी तिशीतली ती शिट्टीवाली बाई माझ्यात उठून उभी राहिली. निर्धार!

पहिले काही दिवस काहीच झालं नाही. हे औषध अंगातून सावकाश उतरतं. मी समजले, चमत्कार. बुधवारची प्रार्थना आमच्याच घरी होती. साक्ष द्यायची, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांना सांगायची, वेळ आली तशी मी उभी राहिले आणि सांगितलं, की प्रभूने माझी गोळी सोडवली. "हालेलुया!" घर दुमदुमलं. मार्थाबाईंनी डोळे पुसले. मला, देवा क्षमा कर, प्रभातफेरीत असल्यासारखं वाटलं.

प्रिती चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिने ट्रे खाली ठेवला.

सगळे गेल्यावर म्हणाली, "गोळ्या कुठायत?"

"डब्यात."

"उद्या माझ्याकडे ऑडिट आहे. परवा पहिल्या गाडीने नगरला जाऊ. तोवर आजपासून घ्या. घ्याल ना?"

"घेते," मी म्हणाले. आणि घेतली नाही.

रसवंती

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चमत्कार उतरला. जांभया, पाणी, शहारे, पोटात कळा. डबा घरातच होता. तो उघडायचा, एक गोळी जिभेखाली ठेवायची, संपलं. पण ते म्हणजे हरणं. आणि मार्थाबाईंना काय तोंड दाखवू? तेव्हा माझ्या अकलेने तोडगा काढला, की आजच्या पुरत्या जुन्या गोळ्या घेऊ, मग उपवास पुढे चालू. हा तर्क परत वाचून बघा. मुलांना गणित शिकवलंय मी.

मेडिकलवाला मला बघून खूश झाला. "बाई! लई दिसांनी!"

पाकीट घेऊन समोरच्या रसवंतीत बसले. पाणी मागितलं. दोन गोळ्या पाकिटातून काढून तळहातावर घेतल्या. आणि तळहाताकडे बघता बघता मला पायरीवरचा तो आवाज आठवला. मी बेशुद्ध होते, तो मी ऐकलेलाच नाही. तरीही आठवला.

देवाने हात धरला असं मी सांगणार नाही. साक्षीचा माझा कोटा संपलेला होता. मला भीती वाटली, बस. मी प्रितीला फोन लावला.

"प्रिती, मी मेडिकलसमोरच्या रसवंतीत आहे. जुन्या गोळ्या घेतल्यात. हातात आहेत, खाल्ल्या नाहीत. काल रात्रीही खोटं बोलले. ये."

ती म्हणाली, "हातातल्या गोळ्या रसवंतीवाल्या काकांकडे द्या. निघाले."

ऑडिट टाकून आली. हेल्मेट काढायचंही भान नव्हतं. माझ्यासमोर बसली, माझे दात वाजताना पाहिले आणि ऐन उन्हात स्वतःची ओढणी काढून माझ्या खांद्यांभोवती गुंडाळली. "आधी थोडा रस प्या, बिनबर्फाचा. पोटात काही नसेल." गाठ तिने घट्ट मारली. तिच्या जागी मी असते तर सासूला त्या बाजारात पाढे उलटे म्हणायला लावले असते.

डॉक्टरीणबाईंचा प्रश्न

घरून डबा घेऊन त्याच दिवशी नगर गाठलं. डॉक्टरीणबाईंनी बिस्किटांचा डबा उघडून पाहिला आणि सगळं ऐकून घेतलं.

"उपवासात बीपीची गोळीपण सोडली होतीत का?"

"नाही."

"का?"

"ती तर औष..." आणि मी थांबले.

आम्ही दोघी हसायला लागलो. मला हसता हसता रडू आलं आणि ती प्यायचं पाणी येईपर्यंत माझा हात धरून बसली. गोळी पुन्हा सुरू झाली, तिच्या समोर, तिच्या देखरेखीत. किती वर्षं घ्यावी लागेल, मी विचारलं. म्हणाली, "लागेल तोवर. कमी करायची वेळ आली की दोघी मिळून करू. देवाला परस्पर देऊ नका." रिकामा डबा मात्र तिने मला परत दिला.

पुढच्या बुधवारी मी पुन्हा उभी राहिले. म्हणाले, "मागची साक्ष खरी नव्हती. माझा आजार आहे. मी औषध घेते, उद्याही घेईन. ते औषध सापडलं यासाठी मी देवाचे आभार मानते." हालेलुया झालं नाही. कुणीतरी खोकलं. मग पाळकसाहेब म्हणाले, "मी इन्सुलिनची सुई टोचूनच उपदेशाला उभा राहतो, बाई," आणि त्यांनी गीत सुरू केलं. मार्थाबाई चहा न घेता गेल्या. अजूनही सलाम तुटकच करतात. असू दे. पण भांडी आवरताना एक बाई माझ्याजवळ सरकली आणि खाली बघत म्हणाली, "ते डॉक्टर नगरला कुठं बसत्यात, तेवढं सांगा ना. माझा थोरला..." मी तिला सांगितलं. बरोबर येते म्हणाले, आणि गेले.

ईस्टर झाला, उन्हाळा सरत आला. कंबर अधूनमधून दुखते. तिच्यावर आता शेक आणि व्यायाम. मुलाने एकदा जेवताना माझ्याकडे बघून मीठ मागितलं. मी इतक्या घाईने दिलं, की बरणीच सांडली.

इवा अजूनही शेजारच्या काकूंकडे जायची. मी काही म्हणत नव्हते. मागण्यासारखं ते नव्हतंच. एका सोमवारी काकू अचानक गावाला गेल्या. प्रिती कामावर निघायच्या तयारीत होती. इवा फरशीवर बसून माझ्या चपलांशी खेळत होती. मी गोळी घेऊन बसले होते, तोंड उघडता येत नव्हतं. प्रितीने इवाला उचललं, दारापर्यंत नेलं, तिथून परत फिरली आणि तिला माझ्या मांडीवर ठेवलं. या वेळी तिचे हात मधे राहिले नाहीत. ती म्हणाली:

"आई, इवाला आज तुमच्याजवळ ठेवून जातेय. मधेच भीती वाटली, हात थरथरले, काहीही झालं तर फोन करा, मी येईन. तुम्ही फोन करता, हे मला आता माहीत आहे. म्हणून तर जातेय."